वाघ नको, तलाव चालेल: बारा वर्षांनी परत मांडलेल्या आमच्या गेमचं प्रकरण

आमचं गाव पूर्व विदर्भात, ब्रम्हपुरी आणि वडसाच्या मधात, वैनगंगा जवळच. माझं मेडिकल स्टोअर आहे, रात्री नऊला शटर पाडतो, आणि मग मागच्या खोलीत औषधाचे खोके सरकवून आम्ही पाच जण सतरंजीवर बसतो आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. चाळिशी जवळ आलेली माणसं. हे लिहायला घेतलं कारण आम्ही एकदा परत सुरू केलं होतं आणि पाच महिन्यांत ते पार मोडलं, आणि वेळ मिळत नाही म्हणून मोडलं असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो, मी तर सगळ्यात जास्त. ते खोटं होतं. काय झालं, काय बदललं आणि काय अजून अडलेलं आहे ते सगळं सांगतो, कारण माझ्यासारखे जुन्या शीटा ट्रंकेत ठेवून बसलेले लोक मला अधूनमधून भेटतात.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात, आमच्यात तो मी. बाकीच्यांचं एकेक पात्र असतं, त्याचा कागद असतो, म्हणजे शीट, त्यावर त्याची ताकद, चपळाई वगैरे आकड्यांत. मी सांगतो समोर काय आहे, ते सांगतात आम्ही काय करतो, आणि जिथं होईल की नाही अशी शंका आहे तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं, कोणी जिंकत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा गेम पहिल्यांदा छापला, त्याआधी हे लोक लढाईचे सैनिक मांडून खेळायचे, त्यातून एका सैनिकाचं एक माणूस झालं आणि गेम निघाला. माझ्या मोठेबाबांना हे समजवायला मला दोन मिनिटं पण नाही लागली. ते म्हणे, "खडी गंमतच हाय ना गा. गोष्ट ठरलेली, बोलणं तिथल्या तिथं. फक्त तुमच्यात पेटी-ढोलकी नाही." खडी गंमत म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. ज्या मुलुखात दिवाळी झाली की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात तिथं मोठ्या माणसानं दुसऱ्याचं सोंग घेऊन बोलणं ही काही नवलाची गोष्ट नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

आता माणसं. नावं देत नाही, कामावरून ओळखा. धानवाला, म्हणजे माझा जुना रूम पार्टनर, चार एकर धान. वायरमन, लाईनवर काम करतो, पावसाळ्यात त्याचा फोन रात्री बारालाही वाजतो. मास्तर, प्राथमिक शाळेत. आणि एक पुण्याला आहे, आयटीत, त्यानंच आम्हाला हा नाद लावला. 2007 ते 2010 आम्ही नागपुरात एका भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, सगळे एकाच तालुक्यातले, कोणी डी.फार्म, कोणी डी.एड., कोणी आयटीआय, तो एक इंजिनिअरिंगला. त्यानं सायबर कॅफेतून गेमच्या साडेतीन आवृत्तीचे नियम प्रिंट मारून आणले, ते तेव्हा नेटवर फुकटच होते, गेम छापणाऱ्या कंपनीनंच 2000 साली मोकळ्या परवान्यावर टाकायला सुरुवात केली होती. फासे नव्हते. स्टीलच्या ग्लासात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या. काढलेली चिठ्ठी परत टाकायची राहिली की सगळा हिशोब बिघडायचा, कारण वीस निघून गेली की ती येणारच नाही, यावरून आमची भांडणं झालेली आहेत. शनिवारी रात्री जेवून बसायचो ते रविवारी पोहे खाऊनच उठायचो. तीन वर्षं एकच गोष्ट चालली, पात्रं नवव्या लेव्हलला गेली. मग सगळे पांगले.

2022 च्या दिवाळीत पुणेवाला गावी आला होता. धानवाल्याच्या घरी ट्रंकेत त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, त्या शीटा सापडल्या, पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला वाळवी. आम्ही पाचही जण ओसरीत बसून त्या वाचत होतो आणि खरं सांगतो, माझा गळा भरून आला होता. त्याच रात्री ठरलं की सोडलं होतं तिथूनच पुढं चालू करायचं. तीच गोष्ट, तीच पात्रं, तेच नियम. आता मागं पाहिलं तर पहिली चूक तीच आहे. आम्हाला वाटलं गेम म्हणजे ट्रंकेत ठेवलेली वस्तू, झटकली की चालू.

पहिल्या बैठकीला अडीच तास नुसतं आठवण्यात गेले. नवव्या लेव्हलचं पात्र म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, यातलं हे काय, ते का घेतलं होतं, कोणालाच आठवेना. मास्तर म्हणे माझ्याकडं ही जादू आहे, आणि ती काय करते ते शोधायला अर्धा तास. दुसऱ्या बैठकीत एक लढाई लावली, ती रात्री दीडपर्यंत चालली आणि गोष्टीत तेवढ्या वेळात अर्धं मिनिट गेलं होतं, कारण एक फेरी म्हणजे सहा सेकंद. वायरमन भिंतीला टेकून झोपला. पुणेवाला फोनवरून होता, आमच्याकडं रेंज पावसासारखी, आली तर आली. मी दर वेळी म्हणायचो पुढच्या शनिवारी नक्की, आणि दर शनिवारी कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी ड्युटी.

पण एवढ्यानं नसतं मोडलं. अशी कुरकुर चालू राहिली असती, दोन महिन्यांतून एकदा का होईना बसलो असतो.

मोडलं ते एप्रिलमध्ये. मी जंगल मांडलं होतं. जुन्या गोष्टीत आमची पात्रं एका जंगलातून जात होती, आणि मला वाटलं आपल्या भागातलं काहीतरी टाकावं म्हणजे मजा येईल, म्हणून मी वाघ टाकला. त्या नियमांत डायर टायगर म्हणून एक मोठा वाघ आहे, 120 हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढं नुकसान झाल्याशिवाय पडत नाही, झेप घेतो, पकडतो आणि पकडल्यावर मागच्या पंज्यांनी फाडतो. त्यानं झेप घेतली ती वायरमनच्या पात्रावर, फासा तसाच पडला. आता साडेतीनच्या नियमांत पकडापकडी म्हणजे ग्रॅपल हा सगळ्यात किचकट भाग, आधी स्पर्शाचा वार, मग समोरासमोर फासा, मग धरून ठेवलं का, मग पुढचं. मला पाठ नव्हतं म्हणून मी कागद काढून मोठ्यानं वाचत होतो. धरल्यावर काय होते, पंज्यांचे किती वार, प्रत्येकाचं किती नुकसान. एकेक ओळ वाचून बोटानं दाखवत होतो.

वाचता वाचता मान वर केली तर कोणी फासे टाकत नव्हतं. वायरमन आपल्या हातातल्या पेन्सिलकडं पाहत होता. मग तो म्हणे, "उद्या सकाळी लवकर जायचं हाय गा, येतो मी," आणि चप्पल घालून निघून गेला. चहा तसाच राहिला होता. धानवाल्यानं फासे डबीत भरले. मला कोणी काही बोललं नाही आणि मी कोणाला काही विचारलं नाही. त्यानंतर ग्रुपवर मी तीन वेळा तारीख टाकली, तिन्ही वेळा वेळ नाही आलं, मग टाकणं बंद केलं.

काय झालं होतं ते मला चार महिन्यांनी कळलं, धानाची रोवणी आटोपल्यावर, वायरमन आईची बीपीची गोळी न्यायला दुकानात आला तेव्हा. त्याच्या सासरच्या गावात त्याच मार्चमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली बाई परत आली नव्हती. त्यांच्या घराला लागून घर. शोधायला गेलेल्या लोकांत हा होता. मोहाचा सीजन म्हणजे आमच्याकडं वाघाच्या भीतीचा सीजन, बाया वाकून फुलं वेचतात, पहाटेचा अंधार असतो, ताडोब्याच्या बाहेरच्या जंगलाला लागून गावंच गावं आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी रोज काउंटरवर हेच ऐकतो. तरी मी ते मांडलं, कारण मांडताना माझ्या डोळ्यासमोर नागपूरच्या खोलीतली वीस वर्षांची पोरं होती. त्या पोरांना वाघ म्हणजे 120 हिट पॉइंट. समोर बसलेला माणूस कोण आहे हे मी पाहिलंच नाही.

तो काउंटरवर एवढंच म्हणाला, "तू पंजे मोजत होता ना, तेव्हा मले नाही बसवलं." मी त्याची माफी मागितली. तो म्हणे माफीचं काय त्यात, तुले काय माहीत होतं. पण माहीत करून घेता आलं असतं, एक प्रश्न विचारायचा होता फक्त, खेळायच्या आधी.

या एका वाक्यानं मला बाकीचंही दिसायला लागलं. सहा-सहा तासांच्या बैठका, दर शनिवार, दोन पानी शीटा, हे सगळं त्या पोरांच्या मापाचं होतं. धानवाल्यावर मी चिडायचो तेही त्यातलंच. हा माणूस नागपूरला असताना सगळ्यात आधी दार फोडायचा, आणि आता भुयाराच्या तोंडाशी आला की दोर विकत घेऊ, दाणापाणी भरून घेऊ, उद्या सकाळी पाहू. अर्धी रात्र तयारीत. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालोही होतो की तू खेळाला ब्रेक लावतो. अरे, ज्या माणसाचं दर साली पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकल्यावर पाऊस दडी मारतो की नाही यावर घर चालते त्याला मी सांगत होतो की रिस्क घे, मजा येईल.

दिवाळी 2023 नंतर परत बसलो. या वेळी पहिली बैठक खेळायची नाही, फक्त बोलायचं. हे काही माझं डोकं नाही, हा गेम खेळणारे याला सेशन झिरो म्हणतात, आम्ही पोरं असताना ते ऐकलं नव्हतं एवढंच. गोष्ट कशाची पाहिजे, काय अजिबात नको, काय आलं तर चालेल पण तपशील नको, हे आधी ठरवायचं. वायरमन पहिला बोलला: वाघ नको. बिबट्या पण नको. मास्तर म्हणे लहान पोराला काही झालं अशी गोष्ट नको. धानवाला म्हणे मले काही चालते. (हे खरं नव्हतं, पुढं सांगतो.) आणि वहिनी, जी चहा ठेवायला आली होती, ती म्हणे, "भाऊजी, यात बाईमाणूस नसतेच का हो?"

वहिनी त्या दिवसापासून खेळते. आमच्या टेबलला जे काही बरं झालं त्यातलं अर्धं तिच्यामुळं झालं असं माझं मत आहे. जुनं काहीच माहीत नसल्यानं ती दर गोष्टीला काहून म्हणून विचारायची, आणि ज्याला आम्हाला उत्तर देता आलं नाही ते आम्ही काढून टाकलं.

आणखी एक ठरलं. एक्स-कार्ड म्हणून एक पद्धत आहे, मधात एक कार्ड ठेवायचं, खेळता खेळता कोणाला नको असं काही आलं तर त्याला हात लावायचा, ती गोष्ट तिथंच पुसायची, कारण विचारायचं नाही. आम्ही पत्त्यातला जोकर ठेवला. मास्तरला आधी हे पटलं नव्हतं, तो म्हणे आपण मित्र आहोत, तोंडानं सांगता येते. वायरमन म्हणे, "मले सांगता आलं का?" त्यावर कोणी काही बोललं नाही आणि जोकर राहिला.

नियम बदलले. पाचवी आवृत्ती घेतली, 2014 ची, पहिल्या लेव्हलपासून. तिच्यात पकडापकडी म्हणजे दोघांनी एकेक फासा टाकायचा, ज्याचा मोठा तो जिंकला, संपलं. पण आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. जानेवारी 2023 मध्ये कंपनीनं या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी 5.1 म्हणतात ते, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोकळे केले. म्हणजे ते कोणीही घ्यावे, बदलावे, दुसऱ्या भाषेत करावे, फक्त कुठून घेतलं ते लिहावं. हे वाचलं आणि मी ठरवलं की शीट मराठीत करायची, एका पानाची, पाठकोरी. सहा गुणांची नावं वहिनी आणि धानवाल्यानं मिळून ठेवली: ताकद, चपळाई, दम, अक्कल, समज आणि छाप. कॉन्स्टिट्यूशनला मी शब्दकोशातून प्रकृती काढलं होतं, वहिनी म्हणे प्रकृती तर डॉक्टर विचारते, हा दम हाय. इंटेलिजन्स आणि विस्डम यातला फरक मी नागपुरात तीन वर्षं समजावून सांगू शकलो नव्हतो, अक्कल आणि समज म्हटल्यावर कोणी विचारलंच नाही. मास्तरकडं अक्कल सोळा आणि समज आठ, आणि तो तसंच खेळतो, फार छान खेळतो.

वेळेचं उत्तर तर दारातच पडलेलं होतं. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलुखातली, नाटकं वर्षभर कुठं चालतात? धान घरात आलं, दिवाळी झाली, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की सुरू, होळीच्या आसपास आवरलं. वडसा हे त्याचं केंद्र, कंपन्यांची ऑफिसं तिथं, तारखा आधीच लागलेल्या. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात सगळ्यांना घरातल्या माणसाला मिळाल्यासारखं झालं होतं. त्या परंपरेत कोणी म्हणत नाही की आषाढात प्रयोग का नाही. मग आम्हीच काहून दर शनिवारच्या मागं लागलो होतो? ठरलं की आपलाही सीजन. दिवाळीनंतर ते होळी, दर पंधरा दिवसांनी एक, साडेनऊ ते साडेबारा. गोष्टीचा एक तुकडा त्याच रात्री पुरा झाला पाहिजे, पात्रं गावात परत आली पाहिजेत, म्हणजे पुढच्या वेळी कोणी नसला तर त्याचं पात्र घरी होतं असं म्हणता येतं. तीन जण आले तरी खेळायचं. रोवणीत, कापणीत तारीख टाकायचीच नाही, म्हणजे नाही आलो म्हणून कोणाला अपराधी वाटत नाही.

आणि गोष्ट. ड्रॅगन नाही, भुयार नाही. एक गाव आणि त्याचा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इकडं गोंड राजांच्या काळापासूनचे हजारो तलाव आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, त्यांना आता सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव म्हणतात. माझ्या गोष्टीत तलावाची पाळ, म्हणजे बांध, झिरपायला लागली आहे, तलावाच्या तळाशी काहीतरी जागं झालं आहे आणि राजाचा माणूस ऐकायला तयार नाही. मला वाटलं होतं की तलाव फक्त देखावा राहील. धानवाल्यानं तो माझ्या हातून काढूनच घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारीतली एक रात्र सांगतो, कारण हे सगळं प्रकरण माझ्यासाठी त्या रात्रीत आहे. पाणी वाढतंय, पाळ फुटायच्या बेतात. मी म्हणालो तुम्ही काय करता. मास्तर म्हणे मंत्र मारतो. धानवाला म्हणे, "थांब. तुडुम कोठी हाय?"

मला तुडुम म्हणजे पाणी सोडायची जागा एवढंच माहीत. त्यानं शीट पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं, त्याच्या गावच्या जुन्या तलावात आजोबांनी दाखवलं होतं तसं. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांसारखं बांधकाम, त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला लाकडी बूच. माणूस पाण्यात उतरतो, आधी सगळ्यात वरचं बूच काढतो, पाणी तेवढं उतरलं की खालचं, मग त्याच्या खालचं. खालचं आधी ओढायला गेलं तर वरच्या पाण्याचा दाब असा असतो की बूच हलत नाही, आणि हललं तर माणूसच ओढला जातो. तो हे बोलत असताना वायरमननं पेन्सिल घेऊन भोकांना नंबर टाकले. चार. मी डीएम, पण त्या दहा मिनिटांत मी नुसता ऐकत होतो.

मग धानवाला म्हणे माझा माणूस उतरते. मी म्हटलं पंधरा लागतील, तुझी भर दोन, म्हणजे फाशावर तेरा किंवा वर. त्यानं हिशोब केला. वीसपैकी आठ आकडे. "म्हणजे चाळीस पैसे," तो म्हणे. "पन्नासच्या खाली पैसेवारी म्हणजे दुष्काळ. मी नाही उतरत." पैसेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, रुपयात किती पैसे पीक आलं तो.

नागपूरवाला मी असतो तर म्हटलं असतं उतर ना बे. या वेळी मी गप्प बसलो आणि वहिनीकडं पाहिलं. ती म्हणे, "दोर माह्या हाती देजा. मी पाळीवरून धरते." पाचव्या आवृत्तीत दुसऱ्यानं मदत केली की दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. मी सांगितलं की आता दोन्ही फासे हरायची भीती साठ पैशांचे साठ टक्के, म्हणजे छत्तीस, उरले चौसष्ट. धानवाल्यानं कागदावर स्वतः गुणाकार करून पाहिला. मग शीटवर हात ठेवून म्हणे, "चौसष्ट पैशाले तर आपण दर साली रोवणी करतो. टाक."

सहा आणि चौदा. पहिलं बूच निघालं. दुसऱ्याला नऊ आणि सतरा. तिसऱ्याला चार आणि आठ.

इथं मी आणखी एक बदललेली गोष्ट सांगायला पाहिजे. जुन्या खेळात फासा हरला की नाही जमलं, पुन्हा टाक, किंवा मेला. आता आमच्यात फासा हरला तरी गोष्ट पुढं जाते, काहीतरी किंमत देऊन. बूच अर्धं सरकलं, त्याचा हात फटीत अडकला, वहिनीनं दोर ओढला, तो वर आला पण बूच पाण्याच्या दाबानं परत बसलं आणि त्याच्या उजव्या हाताला तीन दिवस काही धरता येणार नाही. पाणी पाळीच्या खाली दीड हात थांबलं. गाव आजच्या रात्रीपुरतं वाचलं. घड्याळात पावणेएक झाला होता आणि वायरमन जागा होता.

जोकरला आतापर्यंत दोनदा हात लागला. एकदा मास्तरनं लावला, काहून ते नाही सांगितलं, आम्ही तो प्रसंग पुसून पुढं गेलो, अर्धं मिनिट पण नाही लागलं. दुसऱ्यांदा धानवाल्यानं, जो मले काही चालते म्हणाला होता. गोष्टीत मी एक सावकार आणला होता, साधा, दारात उभा राहून वही उघडणारा, मला वाटलं सगळ्या गोष्टींत असतो तसा एक. वहीचं पान उलटलं असं मी म्हणालो आणि त्यानं न बोलता जोकरवर बोट ठेवलं. वहिनीनं मान खाली घातली. मी म्हटलं दारात कोणी नाही, वारा होता. खेळ चालू राहिला. त्याच्या घरी तेव्हा काय चालू होतं ते मला नंतरही माहीत नाही आणि मी विचारणार नाही, जोकरचा तोच तर नियम आहे.

सगळं बसलं असं मात्र नाही. पुणेवाल्याचा प्रश्न सुटलेला नाही. फोनवरून त्याला घेणं आम्ही बंद केलं, कारण एका कानानं खेळणारा माणूस आणि त्याला दर वाक्य दोनदा सांगणारे आम्ही, दोघांचंही होत नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि वाटणारच, गेम त्यानंच आणला होता. सध्या तो दिवाळीत येतो तेव्हा एक पूर्ण बैठक त्याची, त्याचं पात्र गोष्टीत परगावचा व्यापारी आहे, वर्षातून एकदा मंडईला येतो. तो म्हणाला बरं आहे. पण मला नाही वाटत त्याच्यासाठी ते पुरेसं आहे. मास्तरची तक्रार वेगळी, त्याला मोठे ड्रॅगन, मोठी जादू, जुन्यासारखं पाहिजे, आणि ते मागणं चूक नाही, कारण तो दिवसभर ज्या गोष्टींत असतो त्यातून लांब जायलाच तर तो येतो, आणि मी त्याला परत एका धानाच्या गावात आणून बसवलं. तलावाच्या तळाशी जे आहे ते मी आता त्याच्या मनासारखं मोठं करतो आहे. त्याला पंख असतील असं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

हे लिहितोय तेव्हा रोवणी चालू आहे. दुकानात तापाचे पेशंट, वायरमन तीन दिवसांपासून एका पडलेल्या खांबाच्या मागं. शीटा सलाईनच्या रिकाम्या खोक्यात, वर जोकर. काल रात्री साडेदहाला धानवाल्याचा फोन आला, मला वाटलं घरी कोणाला बरं नाही. दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभा राहून त्याचा आवाज बसला होता. म्हणे, "तलाव भरला गा आपला, आता पाहून आलो. एक विचार करत होतो. तिसरं बूच हातानं नाही काढायचं. वरून बांबू टाकून, आकडा लावून ओढलं तर किती पैसे धरशीन?"

मी म्हटलं दिवाळी होऊ दे, पाहू. तो म्हणे आत्ताच सांग, मले उद्या बांधीत विचार कराले काहीतरी पाहिजे. मग मी दुकानातला दिवा लावला, खोका काढला आणि त्याच्या चित्रावर पाळीपासून तिसऱ्या भोकापर्यंत किती हात भरतात ते मोजायला बसलो.